नष्ट केलेला मुद्देमाल

ती केस आठवली की आधी आवाज आठवतो. पोलीस ठाण्याच्या अंगणात उघडलेल्या सिलिंडरांचा फुसफुसाट.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमचं घराणं तंजावरचं. घरात मराठी, चेन्नईच्या ठाण्यात तमिळ. खबऱ्याने सांगितलं, मैलापूरमधला फ्रिजच्या सुट्या भागांचा एक दुकानदार फ्रिजमध्ये भरायचा, चोरून आणलेला बंदीचा गॅस विकतो. पेरुंगुडीतल्या त्याच्या गोदामावर छापा घातला. सिलिंडर निळे, लेबल परवानगीच्या नव्या गॅसचं, कागदपत्रं चोख.

चौकशीत तो एकच सांगत राहिला, "अय्या, लेबल वाचा ना." शेवटी मी किल्लीने एका सिलिंडरचा रंग खरवडला. निळ्याखाली पांढरा निघाला. पांढरा म्हणजे जुना, बंदीचा गॅस. मग त्याने लेबलाचं नाव सोडलं.

"जुन्या फ्रिजला नवा गॅस चालत नाही, अय्या. लोक मशीन बदलतात का?"

प्रयोगशाळेचा अहवाल आला: गॅस बंदीचाच. त्याला जामीन मिळाला, रोज सकाळी ठाण्यात सही करण्याच्या अटीवर. पुढे मुद्देमाल नष्ट करण्याचा कोर्टाचा हुकूम आला. कडक उन्हाळा; सिलिंडर फुटतील म्हणून मुद्देमालाच्या खोलीत कोणी पाऊल टाकेना. नष्ट कसा करायचा, हे मी कोणालाच विचारलं नाही. झडपा उघडायला लावल्या.

तेवढ्यात तो सहीला आला.

"या अण्णाच्ची, मालाला निरोप द्या," दुकानदारांना मारायची ती तमिळ हाक मारत हेडकॉन्स्टेबल हसला.

दुकानदार धावत जाऊन एक झडप बंद करू लागला. सुटणाऱ्या गॅसच्या गारठ्याने त्याची बोटं पोळली.

"फ्रिजवाल्यांच्या सरकारी प्रशिक्षणात शिकवलंय, अय्या. हा वर जाऊन ओझोन खातो. मी हावरट, पण माझ्याकडून विकला गेला असता तर मशीनमध्ये कोंडून तरी राहिला असता. मग मला धरलंत कशाला?"

अजून निम्मे सिलिंडर बंद होते.

"सही कर आणि नीघ," मी म्हणालो. शिपायांसमोर स्वतःचा हुकूम मागे घेणं मला जमलं नाही. उरलेलेही उघडले.

पुढे मी वाचलं. हा गॅस पावसाने धुतला जात नाही. वर्षानुवर्षे वर चढतो. तिथल्या उन्हात त्यातला क्लोरीन सुटतो आणि ओझोनचा थर विरत जातो. मग प्रखर किरण खाली पोचतात. मोतीबिंदू, कातडीचा कर्करोग, पिकांची आणि समुद्रातल्या सूक्ष्म जीवांची हानी.

त्याला शिक्षा झाली, मला शाबासकी मिळाली. आरोपीचं बोलणं आपण कबुलीपुरतंच ऐकतो, हे मला या केसने शिकवलं, फार उशिरा.

नोकरीत पुष्कळ खोटे जबाब पकडले. एक माझ्याच अक्षरात आहे: 'मुद्देमाल नष्ट केला.' तो माल अजून वर आहे.