आत्याने लिहिलेली येळवस

मुलांनो, तुमच्या आत्याला मालिकेच्या लेखनासाठी पुरस्कार मिळाला तो सोहळा तुम्ही तिकडे फोनवर पाहिलात, मी इथे ताडकळसला पाहिला. निळी साडी छान होती, पदर मात्र नीट लावलेला नव्हता. परभणीच्या कॉलेजात ती एकांकिका लिहायची. मुंबईत सुरुवातीची कित्येक वर्षं दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद लिहिले. पडद्यावर तिचं नाव यायचं नाही, तरी मी शेवटच्या पाटीपर्यंत बसून असायचे. आता मालिकाच तिची. कथा तिची, माणसं तिची.

माणसं खरं तर आमची. दुपारची जेवणं झाली की तिचा फोन येतो. "आई, शेजारच्या सासू-सुनेचं पुढं काय झालं गं?" मी सगळं क्रमाने सांगते. काही महिन्यांनी ते भांडण टीव्हीवर येतं, दागिने घालून. मला त्याचं काही नाही. फोन येतो, तेवढं पुरतं.

यंदा तिने येळवस विचारून घेतली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं घर शेतात जातं. कडब्याची कोप उभारून आत पूजा मांडायची, मग सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवायचं. गेल्या कित्येक येळवशींना ती आलेली नाही, शूटिंग असतं.

तो भाग येळवशीच्या आदल्या आठवड्यात लागला. म्हातारी आई कोपीपाशी बसलेली, आणि शहरातली लेक ज्वारीतून वाट काढत येते. आईचं काम करणाऱ्या नटीने माझ्यासारखाच पदराने चष्मा पुसला.

सकाळी शेजारीण दारात. "बाई, लेक यायलीय म्हणं येळवशीला!"

"कोण म्हणालं?"

"आवो, टीव्हीत आली की काल! उगंच दाखवतील का?"

"अगं, ती गोष्ट आहे."

"तुमचा चष्मासुदिक दाखवला, अन् म्हणं गोष्ट!"

मी हसले. पण उंड्यांसाठी पीठ काढताना माझा हात काही थांबेना.

येळवशीला शेतात एवढी माणसं कधी आली नव्हती. बाया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. रस्त्यावर मोटारसायकल थांबली की सगळ्या माना तिकडे. मीही बघायचे.

"टीव्हीत कशी झटकन आली," एक आजी म्हणाली, "इथं लय उशीर लावायलीय."

सगळ्या हसल्या. आंबील संपली, उंडे संपले. दिवस मावळताना रिवाजाप्रमाणे कडब्याची पेटती पेंडी पिकाभोवती फिरवली आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "आई, कशी झाली येळवस? सगळं सांग."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तोंडाशी आलं होतं.

"नाही सांगणार," मी म्हणाले. "येऊन बघ."

"अगं, होऊन गेली ना! आता काय बघू?"

"पुढच्या वर्षी परत असते."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं. तिने त्यांना थांबायला सांगितलं. मग म्हणाली, "पिंगळी स्टेशनला गाडी थांबते का गं अजून?"

"थांबते."

हे मालिकेसाठी हवंय का, ते मी विचारलं नाही.