सासूबाईंची रोमानियन वही

कपाट आवरताना सासूबाईंची वही सापडली. पानांना अजून त्यांच्या चंदन पावडरचा वास येतो, आणि मी पुन्हा लंडनजवळच्या वॉटफर्डच्या घरात जिन्यावर उभी असते, दाराला कान लावून.

आत त्या आणि त्यांना सांभाळायला येणारी रोमानियन केअरर, इलेना, कुजबुजत होत्या. ही म्हातारीला गुंडाळतेय, याची मला खात्रीच होती. दागिन्यांच्या कपाटाची किल्ली मी पर्समध्येच ठेवायचे.

शेवटी आत घुसून मी वही ओढली. "अहो आई, हे काय?"

"तिची भाषा शिकतेय. एकटी राहते गं पोर इथे."

देवनागरीत पहिलंच वाक्य होतं, "आय मन्कात?" समोर अर्थ, "जेवलीस का?"

वर्षभर मी इलेनाला रोज एकच विचारत होते, "किती वाजता आलीस?"