कुठवर आलात?

विमानाच्या पंखातल्या इंधनाच्या टाकीत गळती तपासायला चाचा सरपटत शिरायचे. वाफेनं गुंगी येऊन माणूस आत गप होतो, म्हणून मी बाहेर त्यांच्या कमरेचा दोर धरून ओरडायचो, “कुठवर आलात?” ते लातूर-नांदेड एस्टीचे थांबे सांगायचे, “चाकूर... अहमदपूर...” लातूरच्या भूकंपात ढिगाऱ्याखालच्या माणसांना असंच बोलतं ठेवायचे, म्हणे. एकदा अहमदपूरनंतर लोहा आलंच नाही. दोर ओढून काढलं, तेव्हा चाचा बेशुद्ध होते.

आता कॅमेरा लावलेला रोबो आत जातो. पहिल्या दिवशी तो दिसेनासा झाला आणि मी सवयीनं ओरडलो, “कुठवर आलात?”

शेजारी बशीत चहा ओतत चाचा म्हणाले, “आलं नांदेड. उतरून बसलो न्हाई का मी!”