लच्छूचा काटा

नागभीडकडच्या धानपट्ट्यात पायात काटा मोडला, की डॉक्टरच्या आधी खुशालभाऊची आठवण होते. सुई तापवायची, माणसाला गप्पांत गुंतवायचं, आणि काटा बाहेर! माणूस भला. फक्त शेजारच्या लच्छूशी त्याचं विळ्याभोपळ्याचं सख्य, तेही धुऱ्यावरच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरच्या, हातभर जागेपायी. पण काटा काही भांडण पाहून मोडत नाही. लच्छूचा पाय सुजला आणि निमूट निरोप आला.

चहाच्या टपरीवर दगडाला सुई घासत खुशाल बोलून गेला, "आज लच्छूचा काटा काढतो."

टपरीवाल्या दादाजीनं कान टवकारले.

दुपारी लच्छूच्या बायकोनं, केसरबाईनं, तोंड फिरवून नवऱ्याचा पाय धरला. खुशालनं सुई घातली. लच्छू बोंबलला आणि रक्त पाहून जो कोसळला, तो थेट उखळावर. डोकं फुटलं. लच्छू बेशुद्ध होऊन गडचिरोलीच्या दवाखान्यात गेला. बाकीचं काम दादाजीच्या जिभेनं केलं. खुशाल ठाण्यात!

जमादार म्हणाला, "रागाच्या भरात हात उठला असता तर गोष्ट वेगळी. तू आधी धार लावलीस, चारचौघांत सांगितलंस, मग गेलास. हे ठरवून केलेलं."

"न ठरवता काटा निघते का साहेब? मी पायातला म्हणून राह्यलो होतो!"

"'पायातला' कोणी ऐकलं?"

कोणीच नाही.

"बरं, मनात काय होतं तुझ्या?"

"काटाच, साहेब," खुशाल म्हणाला. काटा पहिल्याच खेपेला निघाला होता. सुई दुसऱ्यांदा आत गेली, तेव्हा डोळ्यांपुढे पाय नव्हता, धुरा होता. पण ते पाहिलं कोणी?

लच्छू शुद्धीवर आला. जबाब दिला, "मीच बलावलो होतो जी, काट्यासाठी." खुशाल सुटला आणि संत्री घेऊन दवाखान्यात धावला.

लच्छूनं सावकाश एक संत्रं सोललं. "काटा तं मले दिसला होता गा, तुह्या तळहातावर. मंग दुसऱ्या बारी सुई काऊन घातली?"

खुशालनं घाईघाईनं दुसरं संत्रं सोलायला घेतलं.

"जमादार पुन्हा येणार हाय. आठवलं तं सांगीन म्हटलं त्याले. धुऱ्याचं काय म्हणतं?"

आता त्या हातभर जागेत लच्छूची तूर डुलते. विचारलं तर खुशाल म्हणतो, "शेजारधर्म, दुसरं काय?" लच्छूचा पाय कधीच बरा झालाय. तरी तो लंगडतो, खुशाल समोर दिसला की.