गल्ली, औषध, मुदत

नववीत शाळा सुटली तेव्हा इंग्रजीच्या पुस्तकातले शेवटचे चार धडे राहून गेले होते. पुढे हडपसरच्या औषधांच्या गोदामात कॉम्प्युटरसमोर बसलो की उगीच वाटायचं, पडद्यावरचं जे मला कळत नाही ते सगळं त्या चार धड्यांत असणार.

त्या गोदामात आधी तीन वर्षं मी डॉकवर होतो. टेम्पो भरायचे, रिकामे करायचे. कुठलं औषध कुठल्या गल्लीत, कुठली पेटी किती जड, हे अंगात मुरलं होतं. इनचार्ज मॅडमनी ते हेरलं. हेड ऑफिसने कोड न लिहिता ॲप बनवायचं एक साधन घेतलं होतं: पडद्यावर चौकोन ओढून आणायचे, त्यांना आपला तक्ता जोडायचा, वर एखादं सूत्र लिहायचं. "तुम्ही शिका," मॅडम म्हणाल्या. "इंजिनिअरला गोदाम शिकवण्यापेक्षा तुम्हाला हे शिकवणं सोपं." इतक्या विश्वासाने तोवर माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. त्यांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण त्या दिवसांत त्या विश्वासाचीच भीती वाटायची.

काम एकच. रोजच्या ऑर्डरींची यादी माल काढणाऱ्यांच्या मोबाईलवर यावी. आधी गल्लीच्या नंबराप्रमाणे, म्हणजे माणूस ट्रॉली घेऊन एका टोकाने निघेल तो दुसऱ्या टोकालाच थांबेल. गल्लीच्या आत औषधाच्या नावाने. आणि एकाच औषधाच्या दोन बॅच असतील तर जिची मुदत आधी संपते ती वर. मॅडमनी सोमवारपर्यंत वेळ दिला होता. "सोमवारी सगळे तुमच्या यादीवर चालतील. जमलं तर हे टेबल तुमचं. नाही जमलं तर परत डॉकवर, आणि पुढच्या वेळी माझंही वर कोणी ऐकणार नाही."

आणि तिकडे भंडाऱ्याकडे आईने विहारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "पोरगा आता कम्पुटरवर बसते."

बुधवारी पहिली यादी तयार झाली. स्टोअरकीपर काका मूळचे पुण्याचे, रिटायरमेंटला आलेले. मोबाईल घेऊन ते निघाले आणि अर्ध्या तासाने घाम पुसत परत आले.

"वा. दोन नंबरातून एकोणीसला, एकोणीसातून चारला, चारातून परत दोनला. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलंय, हे तुम्हाला कोणी कळवलं हो?"

बघतो तर अख्खी यादी नुसती मुदतीच्या क्रमाने. गल्ल्यांचा पत्ता नाही. सूत्रात तर मी सगळं लिहिलं होतं: आधी गल्लीने लाव, मग ते औषधाने लाव, मग ते मुदतीने लाव. हाताने माल लावताना आम्ही हेच करायचो. मी सूत्र पुसलं, पुन्हा लिहिलं. तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. मदतीची पानं इंग्रजीत, एकेक ओळ बोटाने वाचायचो. हेड ऑफिसच्या इंजिनिअरला फोन लावला. "सर, डॉक्युमेंटेशन बघा ना, सिंपल आहे," तो म्हणाला. त्याने सर म्हटलं याचाही राग आला आणि सिंपल म्हटलं याचा तर फारच. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. काका जाता-येता विचारायचे, "काय, आज कुठे फिरायला पाठवताय?"

आईचा फोन यायचा. "जेवला का रे? कम्पुटर बरा हाये ना?" जणू मी दारात जनावर बांधलं होतं.

शनिवारी डबा तसाच ठेवून मी एक रिकामं खोकं फाडलं. पुठ्ठ्याचे बारा तुकडे केले, प्रत्येकावर गल्ली, औषध, मुदत लिहिली आणि टेबलावर माझं सूत्र हाताने चालवून पाहिलं. गल्लीप्रमाणे ढीग लावले. आता पुढचं. माझे हात आपसूक एकेका ढिगात शिरले. पण सूत्र तसं म्हणत नव्हतं. ते दर वेळी अख्खा गठ्ठा उचलून नव्याने लावत होतं. शेवटी जे सांगितलं तेच वर येत होतं. आम्ही ढीग वेगळे ठेवतो, त्याला ढीगच ठाऊक नाहीत. तिन्ही गोष्टी ओळीने एकाच आज्ञेत सांगायची सोय मदतीच्या पानात होती. ते पान मी दोनदा ओलांडून गेलो होतो.

तसं लिहिलं. तरी गल्ली एकनंतर दहा, मग अकरा, आणि दोन पार खाली! गल्ल्यांचे नंबर तक्त्यात आकडे म्हणून न भरता अक्षरं म्हणून भरले होते, म्हणून एकने सुरू होणारे सगळे आधी येत होते. कोणी? मीच. तेही बदललं.

सोमवारी यादी चालली. काका पहिल्या गल्लीतून निघाले, एकोणिसाव्या गल्लीत थांबले आणि ट्रॉली थेट माझ्या टेबलाला आणून टेकवली. तळाशी इंजेक्शनची खोकी, त्यांच्या डोक्यावर सलाईनच्या पेट्या. एक खोकं चेपून ओलं झालं होतं.

"गल्ल्या अगदी ओळीने आल्या, अभिनंदन. फक्त सलाईन आहे शेवटच्या गल्लीत. जड माल खाली लागतो, हे तुम्हाला मी सांगायचं?"

तीन वर्षं त्याच पेट्या मी खांद्यावर घेतल्या होत्या. मॅडम मागे उभ्या होत्या. "हे इंजिनिअरच्या लक्षात आलं नसतं," त्या म्हणाल्या, "तर मी काहीच बोलले नसते."

मी वजनाचा रकाना टाकला आणि तो सगळ्यांच्या आधी लावला. आता यादी माणसाला पहिल्यांदा एकोणीसला धाडायची, मग परत एकला आणायची. वजन गल्लीच्या मागे ठेवावं तर सलाईन पुन्हा शेवटी. एक सरळ करावं तर दुसरं वाकडं. पडद्यावर मुठी आपटाव्यात असं झालं. मग उठलो आणि पहिल्या गल्लीत जाऊन उभा राहिलो. तिथे होता कापूस आणि बँडेज.

"मॅडम, दुपारपर्यंत वेळ द्या. आणि डॉकवरची दोन माणसं."

तिघांनी मिळून सलाईन एकात आणली, कापूस एकोणिसात नेला. काका कपाळाला आठ्या घालून पेट्या मोजत होते, पण मोजत होते. तक्त्यात दोन नंबर बदलले, वजनाचा रकाना काढून टाकला. चार वाजता काकांची ट्रॉली परत आली. सलाईन तळाशी, कापूस वर, काही ओलं नाही. काकांनी मोबाईलवर पुढची यादी उघडली. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ होतं.

"टेबल तुमचं," मॅडम म्हणाल्या. "शर्ट मात्र बदलून बसा."

इंजिनिअरचा फोन आला. "ते सॉर्टिंगचं सॉल्व्ह झालं का, सर?"

"झालं. पेट्या हलवल्या."

"पेट्या? कुठल्या पेट्या, सर?"

संध्याकाळी आईने विचारलं, "आज काय केलास मंग कम्पुटरवर?" हात इतके भरून आले होते की फोन कानाला धरवत नव्हता.

"यादी लावली," मी म्हणालो.