एकवीसबाई

बाई कुणालाही "बरी आहेस ना?" असं विचारत नसत. उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आधीच ओरडायच्या, "काय गो, उशा किती?" नवख्याला वाटे, ही नर्स आहे की गादीवाली! पण ज्याच्या हृदयाची झडप बिघडलेली असते, त्याला आडवं झालं की धाप लागते. एका उशीच्या दोन झाल्या म्हणजे दुखणं वाढलं, हा बाईंचा हिशेब होता.

देवरूखच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाड्यांत त्यांना सगळे 'एकवीसबाई' म्हणत. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन हृदय दुखावलेली पोरं त्यांनी घरोघर फिरून शोधून काढली होती. दर एकवीस दिवसांनी प्रत्येकाला इंजेक्शन. कुणी चुकलं की बाई त्याच्या दारात हजर. रत्नागिरीच्या डॉक्टरांची वेळ घेणं, एसटीच्या कंडक्टरजवळ कागद पाठवणं, मुंबईला तपासणीसाठी निघालेल्याची कुणा गाववाल्याच्या खोलीवर सोय लावणं, सगळं त्यांच्याच अंगावर. "डॉक्टर औषध लिहितो रे, पण माणसाला तिथवर न्यायचं कुणी? तुझ्या आज्यानं?" असं मलाच एकदा सुनावलं होतं.

माझी धाकटी बहीण सुलू त्यांच्याच पेशंटांतली. अठ्ठ्याण्णव साली हेदवीच्या बाजूला तिचं लग्न जमत आलं आणि आई म्हणाली, "त्या बाईला आता येऊ नको म्हणून सांग. सुईवाली दारात दिसली तर पोरगी घरात राहील." मी सांगितलं. बाई भडकल्या. "लग्न करा, मी कुठं नको म्हणत्ये? पण सासरी सांगून करा. मूल व्हायच्या वेळी हिला डॉक्टर हाताशी हवा." मी काय केलं? ही बाई आमच्या मुलीची बदनामी करते, असा वरच्या साहेबांकडे अर्ज केला. बाईंना लेखी तंबी मिळाली. वाडीत माझी पाठ थोपटली गेली.

तरीही बाईंनी हेदवीकडच्या नर्सला चिठ्ठी धाडली. ती बिचारी दोनदा सुलूच्या सासरी गेली. दोन्ही वेळा सुलू म्हणाली, "मला कसलं दुखणं नाही. दुसरी कोण असेल." हे आम्हीच तिच्याकडून लग्नाआधी घोकून घेतलं होतं. गुणाची पोर, शेवटपर्यंत विसरली नाही.

पुढच्या पावसाळ्यात, पोटुशी असताना सातव्या महिन्यात ती गेली. धाप लागली आणि जीप चिपळूणला पोचायच्या आत सगळं आटोपलं. बाई आमच्याकडे भेटायला आल्या नाहीत. मला त्याचाही राग आला. किती निर्लज्ज असतो बघा माणूस!

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. निघायच्या दिवशी मी स्टँडवर गेलो आणि "बाई, माफ करा" म्हणत वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"माझी कसली माफी मागतोस? हेदवीला जा. मी जाऊन आल्ये. तुझ्या बहिणीची सासू अजून कपाळ बडवून घेत्ये. पोटुशी सून लावणीला चिखलात उतरवली, म्हणून मेली म्हणत्ये. गावही तिलाच बोल लावतो."

"तुम्ही सांगितलं नाहीत तिला?"

"सांगितलं. म्हणाली, माझं मन राखायला बोलता. दुखणं आधीचं होतं, आम्ही लपवलं, हे माहेरच्या माणसानं तिच्यासमोर बसून सांगायला हवं."

गाडी लागली. बाई चढल्या, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

यालाही सहा-सात वर्षं झाली. म्हातारी अजून आहे म्हणतात. सकाळी निघालं तर दुपारपर्यंत हेदवीला पोचता येतं. मी अजून गेलेलो नाही.