डोळ्यांखाली काय भरावं

मला झोप चांगली लागते. हे आधीच सांगून टाकतो, कारण बायको गेल्यानंतर मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते हेच. "काका, झोप होत नाही का?" इथं अमेरिकेत, पार्सिपनीच्या देशी दुकानात भेंडी निवडताना विचारायचे, देवळात चपला काढताना विचारायचे. वास्तविक मी पडल्या पडल्या घोरतो, सून साक्षीला आहे. पण डोळ्यांखाली दोन खड्डे पडले होते. बायको गेली तेव्हा वजन उतरलं, ते पुढं परत आलं. पोटावर आलं, गालांवर आलं, डोळ्यांखाली तेवढं आलं नाही. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा काही फार दिवसांचा सोबती नाही.

वाटू दे वाटलं तर. नुसत्या वाटण्यानं मला काही झालं नसतं. पण त्या खड्ड्यांपायी माझ्या हातातलं उलथणं गेलं.

मी चौथी शिकलेला माणूस. आचारी. सांगलीकडं लग्नाच्या पंगतींना रांधण्यात माझी उमर गेली. मुलानं इकडं आणल्यावर इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचा महाप्रसाद माझ्याकडं आला आणि मसालेभात तर कायमचाच माझा. देवळाच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात ते मोठं पातेलं चढलं की मी आणि माझं उलथणं, मध्ये कुणी यायचं नाही. बायको गेली त्या वर्षी मात्र तिथं गेलो तर पातेल्याजवळ एक खुर्ची मांडून ठेवलेली. स्वयंपाकघराचा कारभार आता एका नागपूरच्या माणसाकडं होता. कॉम्प्युटरवाला, चाळिशीचा, स्वभावानं चांगला.

"बसा नं काका," तो म्हणाला. "काहून त्रास घेता? तुम्ही फक्त गाईड करा."

"गाईड करायला मी काय लेणी दाखवतोय?"

तो हसला, पण उलथणं काही दिलं नाही. भात गिचका झाला. सगळ्यांनी तसाच खाल्ला. त्याहून वाईट म्हणजे पहिलं ताट मला आणून दिलं, हातात, खुर्चीवर. आचारी शेवटी जेवतो. सगळी पंगत उठली, पातेली खरवडली, मग तो पान मांडतो. पहिलं ताट त्याच्या हातात देणं म्हणजे तुझं काम संपलं असं सांगणं. मी ते ताट खाली ठेवलं आणि मुलाला म्हणालो, गाडी काढ.

हे दोन हजार सहाचं. पुढच्या उन्हाळ्यात मानेवरची चामखीळ काढायला सून मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. तिथं भिंतीवर एका बाईच्या डोळ्यांचे दोन फोटो होते. एकात माझ्यासारखे खड्डे, दुसऱ्यात भरलेले. बाई तीच.

"हे काय आहे?" मी सुनेला विचारलं.

"बाबा, ते फिलर. सुईनं काहीतरी भरतात. ते बायकांचं असतं, सोडा."

"डोळे काय बायकांनाच असतात?"

ती हसायला लागली. मी हसत नाही असं बघून थांबली आणि डॉक्टरीणबाईंना इंग्रजीत विचारलं. बाई गोऱ्या, पन्नाशीच्या, बोलायला साध्या. त्यांनी बोटानं माझ्या डोळ्याखाली दाबून बघितलं, मान वर करायला लावली, खाली करायला लावली. म्हणाल्या, झोपेचा याच्याशी काही संबंध नाही. वयानं तिथली चरबी खाली सरकते, हाड झिजतं, खोबण पडते. बघा! वर्षभर मी जे सांगत होतो तेच त्या सांगत होत्या.

मी सुनेला तिथंच पुढची वेळ घ्यायला लावली. घरी मुलगा भडकला. "बाबा, या वयात? लोक काय म्हणतील?"

"आत्ता काय म्हणतात ते ऐकतोयस ना?"

"कॅन्सल करा ते. मी सांगतोय."

"पैसे माझे, डोळे माझे. तू गाडी नाही चालवलीस तर सून चालवेल."

सुनेनं माझ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "मी ड्राइव्ह करते," म्हणाली. त्या दिवसापासून ती माझ्या बाजूची.

आता कोणतं भरायचं हा प्रश्न होता. मी आयुष्यात तांदूळ, तूप, हिंग, काहीही घेताना आधी विचारलंय, हे कुठलं, कशापासून केलंय. तेच इथंही विचारलं. डॉक्टरीणबाईंनी तीन-चार प्रकार सांगितले, सून मराठीत करून सांगत होती.

पहिलं कोलॅजन. कशापासून? गाईच्या कातड्यापासून. मी हात वर केला, पुढं सांगू नका म्हणालो. बाईंनी काही वाईट वाटून घेतलं नाही. त्यासाठी आधी हातावर टोचून महिनाभर वाट बघावी लागते, असंही त्या म्हणाल्या. महिना मला नकोच होता, गणपती तोंडावर आले होते.

दुसरं एक होतं ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून. सून दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही रविवारी चिकन खाताच की."

"खातो. ते पोटात जातं आणि निघून जातं. हा कोंबडा डोळ्याखाली मुक्कामाला राहणार. मी गणपतीपुढं नैवेद्य ठेवणार आणि हा खालून बघणार?"

सुनेनं हे इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे, पण डॉक्टरीणबाई खुर्ची मागं सरकवून हसल्या.

तिसरं पांढरं, घट्ट, हाडात असतो तसल्या चुन्याचं. ते गाईचंही नाही, कोंबड्याचंही नाही आणि सगळ्यांत जास्त टिकतं. माझं मन तिथंच बसलं. पातेलं घ्यायचं तर जाड बुडाचं घ्यावं, एकदा घेतलं की जन्मभर बघायला नको. मी म्हणालो, हेच द्या. बाई नाही म्हणाल्या. मी परत म्हणालो, त्या परत नाही म्हणाल्या. मला इतक्या सरळ नाही म्हणणारी माणसं कमी भेटलीत. त्यांनी माझा हात घेतला आणि माझंच बोट माझ्या डोळ्याखालच्या कातडीवर ठेवलं. किती पातळ आहे बघा, म्हणाल्या. कांद्याच्या पापुद्र्यासारखी लागली. गालात हे चालतं, इथं गाठ झाली तर पांढरी दिसेल आणि ती काढता येणार नाही. चांगलं जितकं टिकेल तितकंच बिघडलेलंही टिकेल.

हे मला पटलं. पटलं की मी मानतो, माझ्या हट्टाला उगाच नावं ठेवतात.

उरलं ते चौथं. काचेसारखं स्वच्छ जेल. त्याचं नाव मला आजही म्हणता येत नाही. शरीरात तसलं काहीतरी मुळात असतंच, असं सून म्हणाली.

"ते असू दे. करतात कशाचं?"

"बाबा, बारीक जंतू वाढवतात आणि त्यांच्याकडून... म्हणजे फर्मेंट करतात."

"आंबवतात?"

"हो, तसंच."

"मग असं सांग ना! आंबवलेलं चालेल."

आणखी एक गोष्ट मला आवडली. पसंत नाही पडलं, जास्त झालं, तर दुसरी सुई टोचून ते विरघळवता येतं. टिकतं मात्र वर्षभर, फार तर थोडं जास्त. बाईंनी काही लपवलं नाही. या औषधाला सरकारी परवानगी तोंडाजवळच्या सुरकुत्यांसाठी आहे, डोळ्याखाली मी माझ्या अनुभवावर वापरते, म्हणून थोडंच घालीन, असं स्पष्ट बोलल्या. मी म्हणालो, खड्डा पूर्ण भरा. त्या म्हणाल्या, हे नंतर पाणी ओढून फुगतं. साबुदाणा भिजवणाऱ्याला याच्यापुढं काही सांगावं लागत नाही. थोडंच घाला, म्हणालो.

बाई मध्ये सुट्टीवर होत्या, म्हणून मिळाला तो बुधवार. महाप्रसाद शनिवारी. कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी करतात, डाग उठू शकतो, असं त्यांनी बजावलं. मी म्हणालो, बुधवारीच. रक्त पातळ होऊ नये म्हणून आधी काय काय बंद ठेवायचं ते सुनेनं घरी वाचून दाखवलं. गुडघ्याच्या दुखण्याच्या गोळ्या मी त्याच दिवशी बंद केल्या, त्या देणाऱ्या डॉक्टरांना विचारून.

"बाबा, गार्लिक पण लिहिलंय."

"गोळ्या मिळतात लसणाच्या, त्या असतील. मी गोळ्या कुठं खातो?"

मी खात होतो ती चटणी. लसूण, सुकं खोबरं, तिखट, रोज भाकरीबरोबर. ते जेवण आहे, औषध नाही. अजूनही माझं म्हणणं तेच आहे.

बुधवारी बाईंनी मलम लावून जागा बधिर केली आणि बारीक सुईनं थेंब थेंब घातलं. हात हलका. उजवा डोळा झाला, आरसा दिला. खड्डा गेला होता. मी दहा वर्षांनी तरुण वगैरे झालो नाही, पण झोप झालेल्या माणसासारखा दिसायला लागलो. डाव्या बाजूला सुई कुठल्यातरी शिरेला लागली. गुरुवारी सकाळी डाव्या डोळ्याखाली जांभूळ पिकलं होतं.

सून घाबरली, बाईंना फोन केला. दिसतंय ना नीट, दुखत नाही ना, सगळं विचारून बाई म्हणाल्या, रक्त साकळलंय, आठ-दहा दिवसांत जाईल. लसूण खाल्ला होता का, असंही विचारलं. सून माझ्याकडं बघत राहिली. मी खिडकीबाहेर बघितलं.

शनिवारपर्यंत जांभळाला पिवळी कड आली. मुलगा गाडीत म्हणाला, "बाबा, घरी थांबता का? निदान सांगा तरी, कपाटाचं दार लागलं म्हणून."

"कपाटाचं दार लागतं ते म्हाताऱ्यांना. तसं सांगितलं तर पुढच्या वर्षी खुर्चीला पट्टा लावतील."

खाली तळघरात गेलो. पातेलं चढलेलं, फोडणी झालेली, नागपूरवाला उलथणं धरून उभा. खुर्ची होतीच. माझ्याकडं बघून त्याचा चेहरा उतरला.

"अरे बापरे, काका! पडलात का?"

भाजी चिरणाऱ्या बायकांचे हात थांबले. कोण म्हणालं, डॉक्टरला दाखवलं का. कोण म्हणालं, आधी बसवा त्यांना. एकीनं माझा दंड धरला.

मी दंड सोडवून घेतला. "पडलो नाही. डोळ्याखाली फिलर भरून घेतलंय."

मग अळू चिरणारी पुण्याची एक बाई, माझ्या सुनेच्या वयाची, सुरी खाली ठेवून म्हणाली, "काय सांगता काका! कोणतं?"

मग मी सांगितलं. गाय सांगितली, कोंबडा सांगितला, तो खालून बघणार हेही सांगितलं. चुना का नको, आंबवलेलं का बरं, बिघडलं तर कसं विरघळवतात, सगळं. बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. एक साठीच्या काकू डोळे पुसत म्हणाल्या, "आणि आम्ही बसलो यांची काळजी करत! अहो, यांना काय धाड भरलीय? हे तर लग्नाला उभे राहतील."

"राहीन की. मुलगी बघा. तिला भात येत नसला तरी चालेल, तो मी करतो."

असं म्हणून मी नागपूरवाल्यापुढं हात केला.

तो माझ्या डोळ्याकडं बघत होता. जांभळ्या नव्हे, उजव्या. "काका, पण उष्णता चालते का तुम्हाला?"

"मनाई एकाच दिवसाची होती. तांदूळ बुडाला लागायला आलाय, दे इकडं."

त्यानं उलथणं दिलं. मी बुडापासून एक फेर दिला, तांदूळ मोकळा झाला, गोड्या मसाल्याचा वास वर आला. तोंडली अर्धी कच्ची होती, पण ती मला सावरता येतात. खुर्ची कुणीतरी बाजूला ओढली आणि तिच्यावर नारळांची पिशवी ठेवली.

नागपूरवाला तिथंच घुटमळत होता. रात्रपाळीचे फोन घेऊन घेऊन त्याच्या डोळ्यांखालीही खळगे पडले होते, मला ते तोवर दिसले नव्हते. बायका परत अळूला लागल्या तसा तो जवळ सरकला.

"दुखते का हो काका ते?"

"सुई टोचते तेवढंच," मी म्हणालो. "आधणाचं पाणी आण इकडं, लवकर."